पालथा कागद

श्यामलाबाई बोडसांनी लंडनला हॅरोच्या कम्युनिटी सेंटरमधल्या मंगळवारच्या वर्गात नाव घातलं ते काही कलेच्या ओढीनं नव्हे. योगाचा वर्ग भरला होता. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "वुडब्लॉक प्रिंटिंगमध्ये एक जागा आहे, चालेल?" आणि श्यामलाबाई चालेल म्हणाल्या. सत्तावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये गोऱ्या-काळ्या पोरांना उकडलेले मटार वाढलेल्या बाईला लाकूड कोरायची सुरी धरायची काय भीती? नोकरी संपल्यापासून आणि दीनानाथ गेल्यापासून मंगळवार हा वार फार लांबलचक व्हायला लागला होता, एवढंच कारण.

वर्ग घेणारी डॅनिएला चाळिशीची, केस डोक्यावर कसेही बांधलेली, बोटांना कायम शाई. श्यामलाबाईंचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "माझी आजी मराठी बोलायची. एलिशेबा तिचं नाव. आम्ही मुंबईचे ज्यू." एवढं सांगून तिनं आपल्याजवळचं सगळं मराठी एका दमात बोलून दाखवलं: "चांगलं. हळू हळू. पुरे आता." श्यामलाबाई म्हणाल्या, "संसाराला एवढं बास आहे." ते डॅनिएलाला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं, पण मग ती पोट धरून हसली.

पहिल्या दिवशी तिनं एक जपानी चित्र टेबलावर ठेवलं. तिच्या मनाशे आजोबांनी मुंबईच्या गोदीत काम करताना कुणा जपानी खलाशाकडून घेतलेलं. चित्रात एक नट. काबुकी नावाच्या त्यांच्या नाटकातला. हनुवटी आत ओढलेली, ओठ खाली वाकलेले, भुवया कपाळात गेलेल्या आणि डोळे असे वटारलेले की बुबुळं नाकाशी येऊन भिडावीत. डॅनिएलानं सांगितलं की नाटक ऐन रंगात आलं की नट असा एकदम थिजायचा. हलायचा नाही, बोलायचा नाही. प्रेक्षक खालून त्याच्या नावानं आरोळ्या ठोकायचे. तो क्षण चित्रकार पकडायचा, त्याच्या प्रती निघायच्या आणि नाटकवेडे लोक आपापल्या लाडक्या नटाचा कागद घरी घेऊन जायचे. फार महाग नसायचा. साध्या माणसाच्या खिशाला परवडेल असा.

बाकीचे लोक माना डोलवत होते. श्यामलाबाईंना मात्र हसू आवरेना.

"माझा नवरा," त्या म्हणाल्या. "एन्ट्रीला अगदी हेच करायचा."

आणि ते खरंच होतं. दीनानाथ बोडस दिवसा कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाड्यांची वेळापत्रकं करत आणि गणपती जवळ आले की मंडळाच्या नाटकात राजे होत. प्रधान नाही, सेनापती नाही. राजेच. विंगेतून आले की तीन पावलं टाकायची, थांबायचं, एक भुवई चढवायची आणि टाळी पडेपर्यंत ब्र काढायचा नाही. हाउन्सलोच्या हॉलमध्ये एकदा टाळी पडलीच नाही. प्रॉम्प्टर तीनदा खोकला तरी हे आपले भुवई चढवून उभे. शेवटी पहिल्या रांगेतून श्यामलाबाईंनीच टाळी वाजवली. घरी येताना ट्रेनमध्ये त्या म्हणाल्या होत्या, "अहो, लाज वाटत नाही का?" त्यावर उत्तर आलं, "टाळी पडली की नाही शेवटी?"

त्या राजाचं एक चित्र घरात होतं. दीनानाथांनीच काढलेलं. अशाच एका नाटकाच्या आधी, रंगवून झाल्यावर, मेकअपच्या आरशासमोर बसून. फेट्याच्या खोक्यातला पातळ टिश्यू पेपर आणि भुवया रंगवायची पेन्सिल. पंधरा मिनिटांत काढून खाली 'दीनानाथ' अशी झोकदार सही ठोकली आणि तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या लेकीच्या, पूर्वीच्या हातात दिलं. "जपून ठेव, पुढे म्युझियमवाले मागायला येतील."

म्युझियमवाले काही आले नाहीत. पण पूर्वीनं नॉटिंगहॅमला स्वतःचं घर घेतलं आणि फोनवर म्हणाली, "आई, बाबाचं ती ड्रॉइंग मला पाहिजे. ते माझं आहे ना? मी फ्रेम आणलंय. ईस्टरनंतर सॅटर्डेला येते आणि घेऊन जाते." लेकीचं मराठी असंच, ह्याचं शेपूट त्याला. पण मागणं सरळ होतं आणि श्यामलाबाईंनी हो म्हटलं होतं.

आता डॅनिएलानं सांगितलेली गोष्ट ऐका, कारण सगळं तिथून बिघडलं. ही चित्रं करायची जुनी रीत अशी: चित्रकार पातळ कागदावर चित्र काढायचा. कोरणारा तो कागद भाताच्या खळीनं फळीवर पालथा चिकटवायचा आणि कागदासकट लाकूड कोरायचा. रेघा तेवढ्या उभ्या ठेवायच्या, बाकीचं खोल काढायचं. फळी कोरून पुरी होईपर्यंत मूळ चित्राच्या चिंध्या भुशाबरोबर केरात गेलेल्या असायच्या.

"म्हणजे चित्र संपलंच?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"संपलं," डॅनिएला म्हणाली. "पण मग शंभर निघाली. चित्र काढलेलंच असायचं त्यासाठी." आणि घाईघाईनं पुढे म्हणाली, "आपण अर्थातच फोटोकॉपी चिकटवायची हं. पातळ कागदावर."

श्यामलाबाई लायब्ररीत फोटोकॉपीला गेल्या. पहिली प्रत आली ती चुलीतून काढल्यासारखी. पेन्सिलीची जाडबारीक रेघ सगळी एकसारखी काळी झाली होती आणि नाकाच्या जागी डाग. दुसरी फिकट आली, तिच्यात भुवईच नव्हती. भुवई नसलेला दीनानाथ घेऊन काय करायचं? पातळ कागद मशिनमध्ये अडकला आणि लायब्ररीतल्या माणसानं इतक्या सभ्यपणे उसासा टाकला की त्या सॉरी म्हणून निघून आल्या.

घरी येऊन त्यांनी मूळ कागद उलगडला. घडीवर तो इतका जीर्ण झाला होता की उलगडताना राजाच्या फेट्याचा एक कोपरा सुटून टेबलावर पडला. श्यामलाबाई त्या कोपऱ्याकडे बघत बसल्या. फ्रेममध्ये घातला तरी हा कागद किती वर्षं टिकणार? आणि नाटकात काम केलेल्या बाकीच्यांचं काय? जयंत, वरदा, म्हातारे समरकाका, सगळे विचारायचे, दीनानाथचं काही आहे का हो तुमच्याकडे. फळी झाली तर सगळ्यांना होईल. पूर्वीलाही होईल, ताजं, न फाटणारं.

हे सगळं फोनवर पूर्वीच्या कानावर घालता आलं असतं. पण विचारलं तर ती नको म्हणेल, आणि तिनं नको म्हटल्यावर करता येणार नाही, म्हणून त्यांनी विचारलं नाही. श्यामलाबाईंचा हा स्वभाव जुना. दीनानाथांची नोकरीची जुनी बॅग त्यांनी अशीच चॅरिटी शॉपला देऊन टाकली होती.

भात शिजवून, घोटून, गाळून त्यांनी खळ केली. फळीवर लावली. कागद दोन्ही हातांनी उचलला, पालथा केला आणि हात तिथेच थांबले.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत दीनानाथ हॉस्पिटलमध्ये होते. कोविडमुळे भेटायला जायची सोय नव्हती. एका भल्या नर्सनं टॅब्लेट धरून त्यांना दाखवलं होतं. श्वासाला बरं पडावं म्हणून त्यांना पालथं निजवलेलं होतं. श्यामलाबाईंना दिसलं ते डोक्याचं मागचं टक्कल, एक कान आणि गाऊनची पाठीवरची गाठ. त्या दोनदा "अहो" म्हणाल्या. मग नर्सचा हात दुखत असेल असं वाटून "थँक्यू" म्हणाल्या. दोन दिवसांनी फोन आला. तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्या तशाच उभ्या राहिल्या. खळ वाळायला लागली. मग त्यांनी कागद सरळ केला, राजाचं तोंड वर, आणि तळहातानं अलगद दाबून बसवला. सरळ काय नि पालथं काय, रेघा तर त्याच, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांनी काही विचारच केला नव्हता. पालथं घालणं त्यांच्याच्यानं झालं नाही, इतकंच खरं.

पुढचे सहा मंगळवार छान गेले. डॅनिएलानं कागदावर तेलाचं बोट फिरवून रेघा उठवून दिल्या, मराठी अक्षरांकडे कौतुकानं बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली. कागद कसा लावलाय हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. अक्षरं तिला दोन्हीकडून सारखीच. श्यामलाबाई कोरत बसल्या. आधी फेट्याचे पीळ, मग मिशी. भुवईला दोन मंगळवार लागले, कारण त्या भुवईत एक खाच होती, लहानपणी विटी लागलेली, आणि ती खाच राखायची तर पटाशीचं टोक केसाएवढंच आत जायला हवं होतं. डॅनिएला मागून जाता जाता "हळू हळू" म्हणायची. कागदाचे कपटे सुटून भुशात मिसळत होते. पण खाली लाकडात तीच रेघ उभी दिसली की बरं वाटायचं. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

सातव्या मंगळवारी छाप घेतला. फळीवर शाई लावली, ओलसर कागद टाकला, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं घोटला. डॅनिएलानं दोन कोपरे धरून कागद उचलला, सगळ्यांसमोर धरला आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. श्यामलाबाईंची नजर आधी सहीवर गेली. सही उलटी होती. दुकानात आत उभं राहून काचेवरची पाटी वाचावी तशी.

डॅनिएलानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फळीकडे, आणि हळूच विचारलं, "श्यामला, कागद पालथा लावला होतास ना?"

"नाही."

"ओह. इट्स ओके. अक्षरं आपण काढून टाकू शकतो. आणि तुझ्याकडे ओरिजिनल आहेच ना?"

श्यामलाबाईंनी टेबलाच्या कडेला साचलेल्या भुशाकडे बोट दाखवलं. डॅनिएलाला सगळं मराठी विसरायला झालं, इंग्रजीसुद्धा. मग तिनं फळी, छाप, शाई, चकती आणि कोऱ्या कागदांची गुंडाळी त्यांच्या पिशवीत घातली आणि दारापर्यंत सोडायला आली. श्यामलाबाईंनी छापाकडे पुन्हा पाहिलंच नाही. पूर्वी शनिवारी यायची होती.

ते चार दिवस त्यांनी कसे काढले ते विचारू नका. तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. वाटोळं केलं आपण, हे शब्द भांडी घासताना त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघाले. पोरीनं एक गोष्ट मागितली होती. बापाच्या हातची एकच गोष्ट.

शनिवारी पूर्वी आली ती फ्रेम घेऊनच. सुरेख अक्रोडी रंगाची. कोट काढायच्या आधी म्हणाली, "चारची ट्रेन आहे माझी. ती कागद कुठे आहे?"

"आधी बस," श्यामलाबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"आई. काय झालं?"

मग त्यांनी सांगितलं. चहा न टाकताच, उभ्यानं, सगळं: फोटोकॉपी, फेट्याचा कोपरा, खळ, फळी, उलटी सही. काही लपवलं नाही. लपवायला उरलंच काय होतं?

पूर्वीनं हातातली फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाली, "ते माझं होतं."

"हो."

"बाबानी मला दिलेला. You should have asked me, आई. तू नेहमी असं करते. बॅग पण अशीच दिली."

"हो. विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

आई इतक्या सरळपणे चुकलं म्हणेल ह्याची पूर्वीला सवय नव्हती. भांडायला घेतलेला श्वास तिला सोडून द्यावा लागला. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "दाखव तरी."

श्यामलाबाईंनी कपाटातून छाप काढला आणि तोंड फिरवून गॅसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग पूर्वी म्हणाली, "आई, हे बाबा आहे."

"मग कोण असणार? सही बघ, उलटी आहे."

"मला कुठे वाचता येतं! सही सोड. तू फेस बघ. ड्रॉइंगमध्ये तो बाबाचा भाऊ वाटायचा, नेहमी. मला वाटायचं बाबाला नीट येत नाही काढायला. हे बघ, आयब्रोची कट. ह्या साइडला होती त्याची. ह्याच साइडला."

श्यामलाबाई वळल्या आणि छाप आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सही सोडून तोंडाकडे पाहिलं. उजवी भुवई, खाच असलेली, चढवलेली. ओठांचा तो किंचित डावीकडे ओढ घेणारा कोपरा. चाळीस वर्षं जेवायच्या टेबलापलीकडून त्यांच्याकडे बघत होतं ते हे तोंड. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दीनानाथ आरशासमोर बसले होते. कागदावर काढलं ते आरशातलं, स्वतःला दिसणारं, उलटं; छापात ते सुलटं झालं होतं. जगाला दिसणारं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहिलं होतं श्यामलाबाईंनी, पूर्वीनं आणि हाउन्सलोच्या त्या टाळी न देणाऱ्या लोकांनी.

त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि रडल्या. दीनानाथ गेल्यावर लोक येऊ शकत नव्हते, रडायला कुणी खांदाही नव्हता, तेव्हाचं राहिलेलं सगळं रडल्या. पूर्वी शेजारची खुर्ची ओढून बसली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पण टीचरनी सांगितलं होतं ना पालथं लाव? तू सरळ का लावला?"

श्यामलाबाईंना हे कुणालाच सांगायचं नव्हतं. पण त्या दिवशी लपवण्याची ताकद संपली होती. "माझा हात होईना," त्या म्हणाल्या. "टॅब्लेटवर शेवटचं बघितलं ते पालथे होते. मला त्यांना परत तसं ठेवायचं नव्हतं."

पूर्वी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात फिजिओ. त्या हिवाळ्यात ती काय करत होती हे आईनं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

"आई, मी तेच करत होते," ती म्हणाली. "टर्निंग टीम. रोज. आम्ही सहा-सात जण एका पेशंटला धरायचो आणि पालथा करायचो. बाबा इथे पालथा होता आणि मी तिथे दुसऱ्याच्या बाबाला पालथा करत होते. मी तुला कधी सांगितलं नाही, तुला माझा राग येईल म्हणून."

"राग कसला गं? तुझा?" श्यामलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. आपण ह्या पोरीला सव्वातीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, ह्याची त्यांना लाज वाटली.

"पण आई, तुला माहितीये का, आम्ही परत सरळ पण करायचो. सोळा तासांनी. प्रत्येकाला. बाबाला पण केलं असणार. दोन दिवस होते ना मधे? तुला फक्त दिसलं नाही."

हे श्यामलाबाईंच्या मनात कधीच आलं नव्हतं. टॅब्लेट बंद झाला तिथेच त्यांचे दीनानाथ थांबले होते.

"कसे करायचात?" त्यांनी विचारलं.

पूर्वीनं इकडेतिकडे पाहिलं. टेबलाच्या एका टोकाला फळी होती, शाई होती, कागदांची गुंडाळी होती. "हे कसं करतात?" तिनं विचारलं. श्यामलाबाईंनी डोळे पुसले आणि उठल्या. फळीवर शाई लावली. कागद ओलसर करून पालथा टाकला. चकती पूर्वीच्या हातात दिली आणि तिच्या हातावर हात ठेवून गोल गोल घोटायला लावलं. "हळू हळू," त्या म्हणाल्या. चारची ट्रेन कधीच निघून गेली होती आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"आता तू त्या साइडला उभी राहा," पूर्वी म्हणाली. "दोन कॉर्नर तू पकड, दोन मी. कोणी घाई नाही करायची. जो डोक्याशी असतो तो काउंट करतो. तू डोक्याशी आहेस."

श्यामलाबाईंनी कागदाचे दोन कोपरे चिमटीत धरले. समोर लेकीनं दोन धरले.

"एक," त्या म्हणाल्या. "दोन. तीन."

आणि दोघींनी मिळून त्यांना सरळ केलं.